लॅपटॉपवर पुन्हापुन्हा रेघा आणि काळी स्क्रीन: ग्राफिक्स चिप घरी तापवावी का?

लक्षणं साधारण अशी असतात. लॅपटॉप चालू केला की कंपनीच्या लोगोवरच उभ्या रेघा किंवा रंगीत चौकोन दिसतात. कधी विंडोजपर्यंत सगळं सुरळीत जातं, आणि व्हिडिओ लावला, एडिटिंग सुरू केलं की चित्र थिजतं, स्क्रीन काळी होते, पंखा मात्र जोरात फिरत राहतो. बटण दाबून बंद केला, रात्रभर तसाच ठेवला की सकाळी चालू. दुपारी पुन्हा तेच. मग कुणीतरी हीट गननं, म्हणजे गरम हवेच्या झोतानं, ग्राफिक्स चिप (पडद्यावरचं चित्र तयार करणारी चिप) शेकून देतो, काही आठवडे छान जातात आणि परत रेघा.

हे लिहितोय ते इंदूरच्या राजेंद्र नगरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या लॅपटॉपच्या निमित्तानं. प्रोसेसरपासून स्वतंत्र अशी एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स चिप असलेलं मशीन, वॉरंटी केव्हाच संपलेली. मंडळाच्या गणेशोत्सवाचे आणि मुलांच्या नाटुकल्यांचे व्हिडिओ ती त्यावर जुळवते, त्यामुळे ग्राफिक्सला काम भरपूर. दुकानात तिला ऐकायला मिळालं, "चिप गई है दीदी, हीट मार देंगे, चल पड़ेगी." चल पडलीही. मग थांबली. मग पुन्हा हीट. इंदूरच्या बाजारात हा प्रकार इतका सर्रास चालतो की गिऱ्हाईकही त्याला दुरुस्तीच समजतं.

माझं मत आधीच सांगतो. तापवल्यावर लॅपटॉप चालू होतो, हे खरं आहे. पण ती दुरुस्ती नव्हे, मुदतवाढ आहे, आणि ती किती दिवसांची हे आधी कुणालाच सांगता येत नाही. त्या मुदतीत करायची कामं वेगळी आहेत, ती पुढे येतील. त्याआधी दोष खरंच चिपचा आहे का हे बघायला हवं, कारण 'चिप गेली' म्हणून आलेली बरीच मशीनं प्रत्यक्षात केबल, धूळ किंवा ड्रायव्हरची (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) रुग्ण निघतात.

आधी चिपला निर्दोष धरून चला

सगळ्यात स्वस्त चाचणी स्क्रीनशॉटची. रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. मोबाइलवर चित्र स्वच्छ दिसलं तर चित्र तयार होईपर्यंत काही बिघडलेलं नाही, बिघाड पुढच्या वाटेवर आहे: पॅनेल, त्याची केबल, फार तर चिपचा बाहेर जाणारा भाग. स्क्रीनशॉटमध्येही रेघा-चौकोनांची घाण आली असेल तर चिप किंवा तिच्या शेजारची मेमरी यांच्यावर संशय पक्का होत जातो. या चाचणीला ना पाना लागतो ना पैसे, तरी ती कुणी करत नाही.

मग झाकण हळूहळू मागेपुढे करून बघा. एका ठरावीक कोनात रेघा येत-जात असतील तर बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबल चेपली किंवा तुटत आली आहे. ती बदलण्याचा खर्च चिपच्या मानानं नगण्य.

बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडून बघा असं सगळेच सांगतात. सांगतात ते बरोबर, पण त्यात एक मेख आहे. २०१०मध्ये एनव्हिडियाची ऑप्टिमस पद्धत आली. तिच्यात लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सला जोडलेला असतो, आणि एनव्हिडियाची चिप जड काम करून तयार चित्र त्याच्या हवाली करते. एचडीएमआयचं तोंड काही मॉडेलांत इंटेलला जोडलेलं असतं, काहींत थेट एनव्हिडियाला. त्यामुळे बाहेर चित्र स्वच्छ आलं म्हणून चिप धडधाकट, असा निकाल लगेच देता येत नाही. बाहेर आणि आत दोन्हीकडे सारखीच घाण असेल तर मात्र पॅनेल संशयातून सुटलं, हे नक्की.

बायॉसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर जाऊन अर्धा तास तसंच राहू द्या. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही. तिथेही चौकोन उमटले तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. बायॉसमध्ये ठीक, सेफ मोडमध्येही (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालवायची पद्धत) ठीक, आणि नेहमीच्या विंडोजमध्येच गोंधळ असेल तर ड्रायव्हर स्वच्छ काढून पुन्हा टाकून बघावा. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं फुकट साधन आहे, ते सेफ मोडमध्ये चालवायचं. नंतर सगळ्यात नवा नव्हे, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनं त्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर टाकायचा.

पण सेफ मोडचा निकाल फसवा असू शकतो. तिथे विंडोज साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरतं आणि चिपवर भार पडतच नाही. आजारी चिपही सेफ मोडमध्ये शांत बसते. म्हणून 'सेफ मोडमध्ये चालतंय, म्हणजे सॉफ्टवेअरच' हे अनुमान अर्धवट आहे. ड्रायव्हर बदलूनही चार दिवसांत तेच झालं तर हार्डवेअरकडे वळा.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाच्या नोंदी शोधा. विंडोज ग्राफिक्स चिपला एखादं काम देतं आणि मुळात २ सेकंद वाट बघतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते ड्रायव्हर झटकून पुन्हा उभा करतं आणि ही नोंद टाकतं. तेही जमलं नाही की निळा पडदा येतो, त्यावर व्हिडिओ टीडीआर फेल्युअर असं लिहिलेलं असतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) जाऊन हे दोन सेकंद वाढवा, असा सल्ला तुम्हाला ठिकठिकाणी मिळेल. चिप मरत असेल तर त्यानं एवढंच होतं की स्क्रीन जास्त वेळ थिजलेली राहते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) चिपच्या नावापुढे कोड ४३ आणि सोबत पिवळं चिन्ह दिसत असेल, आणि स्वच्छ ड्रायव्हर टाकूनही ते जात नसेल, तर ही बातमी बरी नाही.

स्क्रीन काळी पडल्यावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून बघा. चित्र परत आलं तर ड्रायव्हर अडकला होता आणि चिप अजून बोलतेय.

धूळ आणि वाळलेली पेस्ट

एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम लावून तापमान बघा. बहुतेक लॅपटॉप चिपा ८५ ते ९० अंशांच्या आसपास पोहोचल्या की स्वतःच गती कमी करतात. मे महिन्यात आपल्याकडे खोलीतच चाळिशी गाठलेली असते आणि कुलरच्या हवेबरोबर बारीक धूळ येते ती वेगळीच. पंखा आणि तांब्याच्या पात्यांची जाळी यांच्यामधे नमद्यासारखा धुळीचा थर बसतो. बाहेरून ब्लोअर मारून तो हलत नाही, पंखा काढूनच ओढून काढावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो नको तेवढ्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं.

उघडताना पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. मग चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या हीटसिंकचे स्क्रू. त्यांच्याजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमानं, बसवताना सुलट्या क्रमानं, आणि एकेक पूर्ण न आवळता थोडं थोडं फिरवत. एका बाजूनं आवळलं की चिपच्या उघड्या सिलिकॉनचा कोपरा टवका उडून तुटू शकतो, मग सगळीच चर्चा संपली. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावी. पाणी, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काही नको.

आता पॅड. चिपभोवतीच्या मेमरीच्या आणि वीज पुरवणाऱ्या भागांच्या डोक्यावर राखाडी किंवा निळे मऊ पॅड असतात. ते अर्धा, एक, दीड मिलिमीटर अशा ठरावीक जाडीचे असतात. पॅड फाटला म्हणून त्याजागी नुसती पेस्ट थापली तर मधे फट राहते, मेमरी उघडी पडते आणि महिन्याभरात तिचेच चौकोन स्क्रीनवर येतात. उलट जाड पॅड लावला तर हीटसिंक वर उचलला जातो आणि मुख्य चिपच कोरडी राहते. दुकानातून 'सर्व्हिसिंग' करून आणल्यावर काही दिवसांनी त्रास सुरू झाला असेल तर मी आधी पॅडच तपासतो.

आमच्या मशीनमध्ये धूळ होतीच, पेस्टही वाळून खडूसारखी झाली होती. साफसफाईनंतर तापमान चांगलं खाली आलं. चौकोन मात्र थंडीतल्या सकाळी, मशीन गार असतानाच जास्त येत होते आणि गरम झाल्यावर कमी होत होते. माळव्यातल्या जानेवारीची गार सकाळ अशा मशीनला बरोबर पकडते. गरम झाल्यावर बिघडणारं मशीन बहुधा हवा आणि पेस्ट मागत असतं. गार असताना बिघडून गरम झाल्यावर सुधारणारं मशीन म्हणजे कुठलातरी सांधा सुटला आहे.

सांधे कुठे असतात आणि तापवल्यानं काय होतं

काळी चमकती सिलिकॉनची चकती दिसते ती थेट मदरबोर्डवर बसलेली नसते. चकतीच्या पोटाशी अतिशय बारीक कथलाचे उंचवटे असतात, त्यांना बम्प म्हणतात. हे बम्प चकतीला एका छोट्या हिरव्या पट्टीशी जोडतात. पट्टीच्या खालच्या अंगाला मोठे कथलाचे मणी असतात, ते बॉल. बॉल पट्टीला मदरबोर्डशी जोडतात. म्हणजे सांध्यांचे मजले दोन. चकती आणि पट्टी यांच्यामधे बम्पभोवती एक चिकट राळ भरलेली असते, तिनं ताण वाटून घ्यावा अशी योजना.

सिलिकॉन तापल्यावर फार थोडं प्रसरण पावतं, दर अंशाला दहा लाखात तीनेक भाग. खालची पट्टी त्याच्या पाचेक पट पसरते. लॅपटॉप चालू केला, तापला, बंद केला, गार झाला, की दर वेळी हे दोघं एकमेकांना ओढतात. तार इकडून तिकडे वाकवत राहिलं की शेवटी तुटते तसं बम्पचं होतं. आतली राळ गरम होऊन लवकर मऊ पडणारी निघाली तर सगळा ताण बम्पवरच येतो.

ही फक्त तर्काची गोष्ट नाही. जुलै २००८मध्ये एनव्हिडियानं स्वतः जाहीर केलं की लॅपटॉपसाठीच्या काही चिपांमध्ये चकती आणि पॅकेजिंगच्या साहित्याचा मेळ कमकुवत होता, आणि वॉरंटीच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. तेव्हाच्या ८६०० एम मालिकेवर अनेक नावाजलेले लॅपटॉप चालत होते. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या चिपा वापरणाऱ्यांनी हसू नये: अॅपलनं फेब्रुवारी २०१५मध्ये मॅकबुक प्रोसाठी ग्राफिक्सच्या तक्रारींवर मोफत दुरुस्तीची योजना काढली, तिच्यातल्या २०११च्या मॉडेलांमध्ये एएमडीच्या चिपा होत्या.

आता ओव्हनची गोष्ट. बोर्ड १९५-२०० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजा, 'कथील वितळून सांधे पुन्हा जुळतात', असं सांगितलं जातं. हे वाक्य आकड्यांपुढे टिकत नाही. जुलै २००६मध्ये युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर बंदी आली आणि तेव्हापासून लॅपटॉपांत शिसंविरहित कथील वापरलं जातं. ते वितळतं २१७ ते २२० अंशांना. शिसं असलेलं जुनं कथील १८३ला वितळायचं. म्हणजे २०० अंशांच्या ओव्हनमध्ये खालचा एकही बॉल वितळलेला नसतो. काही चिपांच्या वरच्या बम्पमध्ये शिशाचं प्रमाण इतकं जास्त असतं की त्यांना ३०० अंशांच्या पुढे जावं लागतं. तरीही बोर्ड चालू होतो! पण वितळण्यामुळे नव्हे. उष्णतेनं राळ मऊ होते, पट्टी किंचित वाकते, तडकलेला बम्प पुन्हा टेकतो. गार झाल्यावर तो टेकलेलाच राहतो, पुढच्या काही तापण्या-निवण्यापर्यंत.

म्हणूनच केस वाळवायच्या ड्रायरनंही मेलेली चिप कधीकधी जिवंत होते. शंभरीही न गाठलेल्या हवेनं कथील वितळलं असं कोण म्हणेल?

इथूनच 'रिबॉलिंग'चाही उलगडा होतो. रिबॉलिंगमध्ये चिप उचलून खालचे बॉल खरवडून नवे लावतात. काम कसबाचं आहे, दुकानदार फसवतोच असं नाही. पण तुटलेला असतो वरचा मजला आणि बदलला जातो खालचा. त्या कामात चिप दोनतीनदा चांगली तापते, त्या तापण्यानंच वरचा बम्प तात्पुरता टेकतो, आणि श्रेय नव्या बॉलना जातं. अपवाद आहे: लॅपटॉप हातातून पडला असेल, किंवा एका कोपऱ्यानं उचलायची सवय असेल तर बोर्ड वाकून खालचे बॉलही तडकतात. अशा मशीनमध्ये खालून-वरून दोन्हीकडून तापवणाऱ्या स्टेशनवर केलेलं रिफ्लो (तेच बॉल पुन्हा वितळवणं) किंवा रिबॉलिंग वर्षानुवर्षं टिकू शकतं. म्हणून दुकानात जाताना मशीन कधी पडलं होतं का, हे आठवून सांगा.

तरीही तापवायचंच असेल तर

तापवून काय मिळवायचं हे आधी ठरवा. डेटासाठी म्हणत असाल तर थांबा. ग्राफिक्स चिप गेल्यानं डिस्क जात नाही. एसएसडी किंवा हार्ड डिस्क दोन स्क्रूंवर बसलेली असते. ती काढून यूएसबीच्या डबीत घाला आणि दुसऱ्या संगणकाला जोडा. इथे एकच अडचण येते, ती बिटलॉकरची. बऱ्याच विंडोज लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि दुसऱ्या मशीनवर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ऑनलाइन साठवलेली असते. मोबाइलवरून खातं उघडून बघा. तिथे नसेल, किंवा साठवण बोर्डवरच झाळलेली असेल, तेव्हाच मशीन थोडा वेळ जिवंत करण्याला अर्थ आहे.

अशा वेळी हीट गनऐवजी ड्रायर घ्या. बॅटरी सोडवा, हीटसिंक काढा, चिपवर काही मिनिटं गरम हवा द्या, नवी पेस्ट लावून हीटसिंक बसवा आणि मशीन कोमट असतानाच चालू करा. आधी मुळीच न येणारं चित्र आता आलं तर सांधा तुटल्याचं निदान पक्कं झालं, आणि तुमच्या हातात थोडा वेळही आला. तेवढ्यात तीन कामं उरका: रिकव्हरी की लिहून घ्या, फायली बाहेर काढा, आणि बायॉसमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स बंद करायचा पर्याय आहे का ते बघा.

चालू लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून स्वतःच तापू द्यायचा, हा प्रकार तर करूच नका. आत लिथियमची बॅटरी आहे.

हीट गनबद्दल थोडं, कारण इंदूरच्या सियागंज बाजारात ती सहज मिळते आणि हात शिवशिवतात. तिच्यावरचा आकडा नळीच्या तोंडाच्या हवेचा असतो, चिपचा नव्हे. चिप किती तापली हे कळायला तिच्याजवळ थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवावं लागतं. नुसतं वरून तापवलं तर बोर्डाचा तेवढाच भाग फुगतो, बाकीचा गार राहतो, आणि बोर्ड वाकून चांगले सांधेही तुटतात. शेजारचे प्लास्टिकचे कनेक्टर वितळतात, तांदळाएवढे कपॅसिटर वाऱ्यानं उडतात. पावसाळ्यात आणखी एक धोका: चिपच्या पट्टीत हवेतली ओल शिरलेली असते. एकदम तापवलं की तिची वाफ होऊन पट्टीचे थर फुगतात, बारीक फट्ट आवाज येतो आणि चिप कायमची जाते. जाणकार कारागीर म्हणूनच बोर्ड आधी सव्वाशे अंशांच्या आसपास काही तास सुकवतो. ज्यानं बोर्ड हातात घेतला की लगेच गन रोखली, त्याच्याकडून मशीन परत घ्या.

स्वयंपाकघरातला ओव्हन तर मुळीच नाही. फ्लक्स (झाळकामातलं रसायन), प्लास्टिक आणि लेप यांच्या वाफा त्याच्या भिंतींवर बसतात, आणि उद्या त्यातच पोळ्या गरम होणार असतात.

मल्टिमीटर घेऊन बसणाऱ्यांसाठी एक सूचना. मोठ्या ग्राफिक्स चिपच्या मुख्य वीजमार्गाचा रोध मुळातच अतिशय कमी असतो, कधी एक ओहमच्याही खाली. मीटरनं शिटी मारली म्हणून 'शॉर्ट' ठरवू नका. त्याच मॉडेलच्या चांगल्या बोर्डशी ताडून बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

चिपशिवाय चालवणं

बहुतेकांसाठी हाच खरा इलाज आहे असं मला वाटतं. ऑप्टिमससारखी रचना असेल तर स्क्रीन इंटेल ग्राफिक्सवर चालते, आणि एनव्हिडियाची चिप बाजूला ठेवता येते. बायॉसमध्ये फक्त इंटिग्रेटेड असा पर्याय असेल तर उत्तम. काही थिंकपॅडांमध्ये तो आहे, स्वस्त गेमिंग मॉडेलांमध्ये बहुधा नसतो. नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ती चिप डिसेबल करा.

आणि इथेच 'पुन्हापुन्हा'चं दुसरं कारण लपलेलं असतं. चिप बंद करून महिनाभर सुखात जातो, मग विंडोज अपडेट रात्रीतून नवा ग्राफिक्स ड्रायव्हर आणून बसवतं, चिप पुन्हा जागी होते आणि रेघा परत येतात. माणूस समजतो की आता इंटेलही गेलं. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये हार्डवेअर टॅबखाली डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज आहेत, तिथे उत्तर 'नाही' करून ठेवा, आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर डिव्हाइस मॅनेजर एकदा उघडून बघा. डिसेबल केलेली चिप काही मॉडेलांत वीज खात राहते आणि कोमट राहते. बॅटरी थोडी लवकर संपते. चालवून घ्या.

चिप अजून पुरती गेली नसेल तर आफ्टरबर्नर या चिपची गती बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिची आणि मेमरीची गती उतरवून बघा. मेमरीचा दोष असेल तर मेमरीची गती खाली आणल्यावर चौकोन पुष्कळदा नाहीसे होतात. ही माझी आवडती युक्ती आहे, कारण तिच्यात स्क्रू सोडवावा लागत नाही.

बहिणीचं मशीन सध्या इंटेलवर चालतंय. इंटेलमध्ये व्हिडिओ तयार करायचं स्वतंत्र यंत्र असतं, क्विक सिंक. एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये ते निवडलं की साध्या एचडी व्हिडिओला एनव्हिडियाची आठवण येत नाही. जड इफेक्ट टाकले की वेळ लागतो. मग चहा ठेवायचा.

ज्या मशीनमध्ये सगळं चित्र स्वतंत्र चिपमधूनच जातं, तिथे हा मार्ग बंद. मग चिप किंवा बोर्ड बदलणं एवढंच उरतं. क्वचित काही वर्कस्टेशन आणि जुन्या गेमिंग लॅपटॉपांत ग्राफिक्स वेगळ्या एमएक्सएम कार्डावर असतं. ते काढून दुसरं बसवता येतं, फक्त हीटसिंकची भोकं आणि बायॉस जुळायला हवेत.

चिप बदलून घेताना

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला मशीन दुरुस्तीला टाकण्याआधी चिपच्या पृष्ठभागाचा जवळून फोटो काढा. तिच्यावर मॉडेलचा क्रमांक असतो आणि चार आकडी तारीख कोरलेली असते: पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. १४२३ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. मशीन परत आल्यावर तोच क्रमांक आणि तीच तारीख दिसली तर चिप बदललेली नाही, नुसती शेकलेली आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो. तारीख वेगळी असली तरी ती चिप दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरून काढलेली असू शकते. कडेला चिकटाचे डाग, खरवडल्याच्या रेषा, चकतीच्या कोपऱ्याला टवके दिसले तर विचारा.

दुकानात मी थेट विचारतो: हीट देणार, रिबॉल करणार की चिप बदलणार? चिप नवी की काढलेली? खालून तापवायची सोय आहे का? लेखी हमी किती महिन्यांची, आणि तेवढ्यात पुन्हा रेघा आल्या तर पैसे परत की पुन्हा हीट? चांगला कारागीर या प्रश्नांवर चिडत नाही, उलट मशीन उघडून दाखवतो. 'चलेगी भिया, टेंशन मत लो' एवढंच उत्तर आलं तर चालू पडा.

चिपचा आणि मजुरीचा खर्च तशाच जुन्या चालू लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मी बदलत नाही. अशा मशीनची रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड दुसरीकडे कामी येतं. पॅनेलला त्याच्या मॉडेल क्रमांकाचं कंट्रोलर कार्ड जोडलं की एचडीएमआयवर चालणारा छोटा मॉनिटर होतो. राहिलेला बोर्ड कचरागाडीवर ई-कचऱ्याच्या कप्प्यात द्यायचा, आणि बॅटरी फुगलेली असेल तर ती त्यातून आधी काढून वेगळी, गाडीवाल्याला सांगून.